मतदार यादीतलं नाव, माहेरचं नाव आणि आपला 'ळ': इंदूरकरांनो, अनुभव लिहा

नारायणबाग | २७ डिसेंबर २०२५, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

मतदार याद्यांची नव्यानं पडताळणी (विशेष सखोल पुनरीक्षण, एसआयआर) चालू आहे, तिचा मसुदा २३ तारखेला लागला. ४ नोव्हेंबरपासून घरोघरी गणना पत्रकं आली, आपण भरून दिली, ते सगळ्यांना माहीत आहे. आता दाव्या-हरकतींची मुदत २२ जानेवारीपर्यंत आहे. म्हणून धागा आजच काढते आहे. मतदानाच्या दिवशी काढून काही उपयोग नाही.

आज सकाळी आमच्या बूथच्या शाळेत गेले होते. फाटकाशेजारच्या भिंतीवर दोन याद्या चिकटवल्या आहेत. एक मसुद्याची, दुसरी वगळलेल्या नावांची. दुसरीला सगळे 'एएसडी' म्हणतात, म्हणजे गैरहजर, स्थलांतरित, मयत. आमच्या गल्लीतले एक काका तिथे आधीपासून उभे होते. चष्मा कपाळावर, बोट कागदावर, एकेक ओळ खाली सरकत होते. पहिली यादी त्यांनी दोनदा वाचली, मग दुसरीकडे वळले. तिसऱ्या पानावर बोट थांबलं. नाव बरोबर, वडिलांचं नाव बरोबर, घर क्रमांक बरोबर, आणि पुढे कारण लिहिलेलं: 'स्थायी रूप से स्थानांतरित'. काका नोव्हेंबरात मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे नाशिकला गेले होते. पाच आठवडे घराला कुलूप होतं. एवढंच झालं होतं.

त्यांनी पहिलं मत १९७७ साली दिलं, तेव्हापासून एकही निवडणूक चुकवलेली नाही. आता त्यांना फॉर्म ६ भरायचा आहे, जो नव्या मतदाराचा असतो, आणि सोबत घोषणापत्र द्यायचं आहे. मी घरून फॉर्म आणून दिला. वरचं शीर्षक वाचून काका काही बोलले नाहीत, फक्त पेन मागितलं.

आता माझं. मी मसुद्यात आहे, पण मला नोटीस आली आहे, कारण २००३ च्या यादीशी (या पडताळणीत तीच जुनी यादी आधार धरली आहे) माझा धागा जुळला नाही. २००३ मध्ये मी धुळ्याला, माहेरी. तिथल्या जुन्या यादीत मी 'संगीता'. २००५ मध्ये लग्न होऊन इंदूरला आले आणि 'मृण्मयी' झाले. आडनाव बदललं, वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचं नाव आलं, आणि पहिलं नावही बदललं. म्हणजे जुन्या नोंदीतलं एक अक्षर नव्या नोंदीत उरलं नाही. आपल्याकडे हे किती घरांत झालंय सांगा! ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं अंगठीनं नाव लिहिलं, सगळ्यांनी वाचलं, पेढे वाटले आणि ताट उचललं. त्या नावाचा कागद कुणी केला? लग्नपत्रिकेवर तर माहेरचंच नाव असतं.

तिसरी गोष्ट सासूबाईंची. आमच्या आडनावात 'ळ' आहे. हिंदी यादीत कुठे 'ल' होतो, कुठे 'ड'. काळेंचे काले, मुळेंचे मुले, जोगळेकरांचे जोगलेकर. सासूबाईंचं नाव २००३ मध्ये एका तऱ्हेनं, ओळखपत्रावर दुसऱ्या आणि आधारवर तिसऱ्या. ऑनलाइन नाव घालून शोधलं की 'कोई रिकॉर्ड नहीं'. शेवटी ओळखपत्राचा क्रमांक घालून सापडलं.

निवडणूक म्हटलं की आपण मशीनवर भांडतो, पक्षांवर भांडतो. मला वाटतं आपल्यासारख्यांचं मत मशीनपर्यंत पोचतच नाही, ते यादीतच हरवतं, आणि तेही कुणाच्या लक्षात न येता, मतदानाच्या कितीतरी महिने आधी. आपापल्या बूथवर काय दिसलं ते लिहा. कुणी दोन नावांचा प्रश्न सोडवला असेल तर कुठले कागद चालले तेही लिहा. मला १० जानेवारीला सुनावणी आहे.

---

राऊचा_रस्ता | २७ डिसेंबर, रात्री १०:१५

ताई, तुमच्या धाग्याची फार गरज होती.

राजेंद्र नगर, राऊकडच्या लोकांसाठी एक सांगतो. २००३ च्या यादीत 'राऊ' मतदारसंघ शोधू नका. तो २००८ च्या पुनर्रचनेत झाला. २००३ मध्ये आपण दुसऱ्याच मतदारसंघात होतो आणि बूथांचे क्रमांकही वेगळे होते. माझे तीन दिवस यातच गेले. शिवाय जुन्या याद्या स्कॅन केलेल्या आहेत, त्यात नाव टाइप करून शोधता येत नाही. पान उलटत डोळ्यांनीच बघावं लागतं. आधी आपल्या जुन्या शाळेचं, म्हणजे बूथचं नाव आठवा, मग त्या भागाची यादी उतरवून घ्या. मोहल्ल्यातल्या एखाद्या जुन्या माणसाला विचारलंत तर पाच मिनिटांत कळतं.

---

शिंदे_छावणी | २८ डिसेंबर, सकाळी ७:०५

ग्वाल्हेरहून लिहितो आहे.

नारायणबाग, तुमची संगीता-मृण्मयीची गोष्ट वाचून रात्री झोप लागली नाही, कारण हे आपल्याच मुलखात एकदा होऊन गेलं आहे. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत देशात सुमारे १७ कोटी ३० लाख मतदार नोंदवले. सुकुमार सेन मुख्य निवडणूक आयुक्त होते. याद्या करणारे दारात गेले तर बायका स्वतःचं नाव सांगेनात. 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' अशाच नोंदी झाल्या. सेनांनी ठरवलं की मतदार म्हणजे स्वतःच्या नावाचा माणूस, दुसऱ्याच्या नात्यानं नोंद चालणार नाही. नावं सांगण्यासाठी मुदतही वाढवून दिली. तरीही जवळजवळ २८ लाख स्त्रियांच्या नोंदी काढून टाकाव्या लागल्या. त्या मुख्यतः बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, विंध्य प्रदेश आणि मध्य भारतातल्या होत्या. मध्य भारत म्हणजे आपणच. हिवाळ्यात राजधानी ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर.

माझी आजी त्या २८ लाखांत होती की नाही, कळायला मार्ग नाही. पण आजोबांचं नाव तोंडानं न घेणारी ती बाई स्वतःचं नाव परक्या माणसाला सांगत असेल, असं वाटत नाही.

तेव्हा बायकांनी नाव सांगितलं नाही म्हणून नोंद गेली. आज त्यांच्याकडे दोन नावं आहेत म्हणून जाऊ नये. गणना पत्रकात 'पूर्वीचं नाव' असा एक रकाना असता तर अर्ध्या नोटिसा निघाल्याच नसत्या. हे आयोगाला लेखी कळवायला हवं, आणि मराठी मंडळांनीच कळवायला हवं. पहिलं नाव बदलायची चाल इकडच्या हिंदी घरांत फारशी नाही, त्यामुळे अधिकाऱ्यांना हा प्रश्न सुचणारच नाही.

---

ठाम_मत | २८ डिसेंबर, सकाळी ९:३०

मी थोडं वेगळं लिहितो, राग नसावा.

माझे वडील २०१६ मध्ये गेले. त्यांच्या नावाची मतदाता पर्ची आमच्या घरी २०२४ पर्यंत येत होती. प्रत्येक वेळी आई ती पर्ची हातात घेऊन बसायची. यादी साफ व्हायलाच हवी. जिथे मेलेल्यांची नावं राहतात तिथे दुसरा कुणी त्या नावावर मत टाकू शकतो. शिवाय सगळं ऑनलाइन आहे, मदत क्रमांक १९५० आहे. महिनाभर बीएलओ (बूथ पातळीवरचे अधिकारी) दारोदार फिरले. इतकं करूनही लोकांनी पत्रक भरलं नाही तर दोष कुणाचा?

---

नारायणबाग | २८ डिसेंबर, सकाळी १०:१०

ठाम_मत, राग कसला? तुमच्या आईंचं वाचून वाईट वाटलं. माझ्या सासऱ्यांच्या वेळी मीच नाव वगळण्याचा फॉर्म ७ भरला होता, दोन वर्षांनी नाव निघालं. मृत्यूची नोंद निगमात होते, तिथून ती यादीवाल्यांकडे आपोआप गेली पाहिजे. महानिबंधकांकडून मृत्यूनोंदीची माहिती थेट घ्यायची असं आयोगानं २०२५ च्या मे महिन्यात जाहीर केलं आहे, ते नीट चालू झालं तर कुणाच्याही आईला पर्ची हातात घेऊन बसावं लागणार नाही.

पण साफसफाईत जिवंत माणूस जाता कामा नये. बिहारच्या मसुद्यात ६५ लाख नावं गळली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं १४ ऑगस्ट २०२५ ला सांगितलं की वगळलेल्यांची यादी कारणासह लोकांपुढे ठेवा. आमच्या काकांना भिंतीवर स्वतःचं नाव दिसलं ते त्यामुळेच. नाहीतर ते मतदानाच्या दिवशीच कळलं असतं.

आणि बीएलओंबद्दल. आमच्या बीएलओ ताई अंगणवाडीत आहेत. सकाळी मुलांचा पोषण आहार, दुपारी पत्रकं, रात्री अकरापर्यंत मोबाइलवर अपलोड. या कामाचं मानधन वर्षाला ६,००० होतं, ते २०२५ मध्ये १२,००० झालं. वर्षाला, महिन्याला नाही! मी त्यांना दोष देणार नाही. एका बाईनं हजारावर माणसं इतक्या थोड्या दिवसांत ओळखायची तर कुलूप दिसलेलं घर 'स्थलांतरित' होणारच.

---

बिचोली_टॉवर | २८ डिसेंबर, दुपारी १:२०

आमच्या टाउनशिपमध्ये वेगळंच झालं. बीएलओ सर तीनदा आले आणि तीनदा फाटकावरून परत गेले. 'फ्लॅटमध्ये फोन लावा, परवानगी असेल तर सोडू' असा सुरक्षारक्षकाचा नियम आहे. दुपारी फोन उचलतंय कोण? कुरियरवाला आत येतो आणि मतदार यादीवाला बाहेर उभा! हे आम्हाला कळलं तेव्हा मुदत संपत आली होती. सोसायटीच्या समितीनं क्लबहाउसमध्ये टेबल टाकून दिलं, दोन संध्याकाळी सगळे खाली उतरले आणि बरीचशी पत्रकं गोळा झाली. उंच इमारतींत राहणाऱ्यांनी हे मुद्दाम वाचा. दोष आमचा होता आणि सोडवणूकही आमच्याच हातात होती.

---

मांडवी_दरवाजा | २८ डिसेंबर, रात्री ८:४५

बडोद्याहून नमस्कार. आमच्याकडेही तीच मोहीम चालू आहे, दांडिया बाजारातल्या जुन्या मराठी घरांचे प्रश्नही तेच आहेत. फक्त आमचा 'ळ' गुजरातीत शाबूत राहतो, तेवढं सुख.

एक जुनी गोष्ट आठवली. गुजरातनं स्थानिक निवडणुकांत मतदान सक्तीचं करायचा कायदा केला होता. २००९ मध्ये विधानसभेत आला, २०१४ मध्ये राज्यपालांची मंजुरी मिळाली, मत न दिल्यास १०० रुपये दंड ठरला. ऑगस्ट २०१५ मध्ये उच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. तेव्हा माझं मत कायद्याच्या बाजूनं होतं, आज नाही. यादीत नाव नसलेल्याला दंड कुणी करायचा? आधी प्रत्येकाचं नाव यादीत आणा, बूथ चालत जाण्याइतका जवळ ठेवा, पर्ची वेळेवर द्या. मग लोक आपोआप येतात. आम्ही मराठी मंडळात ज्येष्ठांसाठी रिक्षा ठरवतो. पक्षाची नाही, मंडळाची. उमेदवारानं मतदारांना गाडी पुरवणं हा गुन्हा आहे, मंडळानंही चिन्ह-झेंड्यापासून लांबच राहायचं.

---

दोन_लाखांतला_एक | २८ डिसेंबर, रात्री १०:३०

यादीत नाव असूनही मत कुठे द्यायचं हा प्रश्न इंदूरनं २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत पाहिला आहे. २९ एप्रिलला, माघारीच्या शेवटच्या दिवशी, काँग्रेसच्या उमेदवारानं अर्ज मागे घेतला. १३ मे रोजी मतदान. मी छप्पन दुकानजवळ राहतो. सकाळी लवकर मत देऊन येणाऱ्यांना तिथे पोहे-जिलेबी मोफत होती, रांगेत तरुण पोरंही खूप होती. मी आत गेलो, पूर्ण यादी वर-खाली वाचली आणि नोटा दाबलं. त्या दिवशी २,१८,६७४ जणांनी ते बटण दाबलं. त्याआधीचा देशातला सर्वांत मोठा आकडा २०१९ चा, बिहारच्या गोपालगंजचा, ५१,६६० होता. निकालावर काही फरक पडला नाही, विजयी उमेदवार साडेअकरा लाखांहून जास्त मतांनी आला, आणि नियमच असा आहे की नोटाला कितीही मतं पडली तरी उमेदवारांत जो पुढे तो निवडून येतो.

तरी मला वाटतं तो माझा हक्क होता आणि मी तो बजावला. पण नोटाला काही वजन असावं की नाही?

---

मांडवी_दरवाजा | २९ डिसेंबर, सकाळी ८:००

तुम्हाला बटण दाबायला तरी मिळालं. त्याच निवडणुकीत आमच्या सुरतेत एकाचा अर्ज बाद झाला, बाकीच्यांनी माघार घेतली आणि २२ एप्रिल २०२४ ला उरलेला उमेदवार बिनविरोध निवडून आला. मतदानच झालं नाही. कायद्यात जागा एक आणि उमेदवार एक असला की थेट घोषणा करायची असते, नोटाला तिथे जागाच नाही. सुरतेत पहिल्यांदा मत द्यायला निघालेल्या माझ्या भाचीनं ओळखपत्र पाकिटातून काढलंच नाही. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगानं २०१८ मध्ये स्थानिक निवडणुकांपुरता आदेश काढला की नोटाला सर्वाधिक मतं पडली तर पुन्हा निवडणूक घ्यायची. लोकसभेला तसं व्हावं, असं मला मनापासून वाटतं.

---

खडू_फळा | २९ डिसेंबर, दुपारी ४:१५

मी निवृत्त शिक्षक. कागदी मतपत्रिकांपासून व्हीव्हीपॅटपर्यंत (मत कुणाला पडलं त्याची चिठ्ठी दाखवणारं यंत्र) सगळ्या ड्यूट्या केल्या. पीठासीन अधिकारी म्हणून (महाराष्ट्रात केंद्राध्यक्ष म्हणतात) बूथच्या आत काय होतं ते लिहितो, कारण बरेच हक्क लोकांना माहीत नसल्यामुळे वाया जातात.

आदल्या दिवशी नेहरू स्टेडियमवरून सामान घ्यायचं: कंट्रोल युनिट, बॅलट युनिट, व्हीव्हीपॅट, सीलं, रजिस्टरं, शाई. एकेक वस्तू यादीशी ताडून पाहायची. मग बस, शाळा आणि रात्री दोन बाकं जोडून झोप. पहाटे साडेपाचला उमेदवारांच्या एजंटांसमोर मॉक पोल, म्हणजे चाचणी मतदान. किमान ५० मतं टाकायची, निकाल दाखवायचा, व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या काढून काळ्या पाकिटात बंद करायच्या आणि मशीन कोरं करायचं. आम्ही त्याला 'सीआरसी' म्हणतो: क्लोज, रिझल्ट, क्लिअर. झोप न झालेल्या माणसाकडून शेवटचं 'क्लिअर' राहून जाऊ शकतं, म्हणून मी ते तिन्ही शब्द खडूनं फळ्यावर लिहून ठेवायचो आणि काम झालं की टिक करायचो.

आता मतदारांच्या कामाचं.

एक बाई आल्या होत्या, भाजीचा ठेला बंद करून. त्यांच्या नावावर आधीच कुणी सही करून गेलं होतं. आमच्या पहिल्या मतदान अधिकाऱ्यानं त्यांना सांगितलं, 'आपका हो गया, जाइए.' बाई वळल्याही होत्या. मी हाक मारली. ओळखपत्र पाहिलं, दोन प्रश्न विचारले, खात्री पटली. अशा वेळी निविदत्त मतपत्र द्यायचं असतं. मशीन नाही, कागदी मतपत्रिका. बाईंनी शिक्का मारला, घडी घातली, मी ती वेगळ्या लिफाफ्यात ठेवली आणि नोंद केली. ते मत नेहमीच्या मोजणीत येत नाही, पण प्रकरण कोर्टात गेलं तर तोच पुरावा असतो. २००८ मध्ये राजस्थानात नाथद्वाऱ्याला एक उमेदवार एका मतानं हरले, त्या खटल्यात निविदत्त मतांचा मुद्दा आलाच होता. तेव्हा 'तुमचं मत पडलंय' म्हणून कुणी घरी पाठवलं तर जाऊ नका. पीठासीनांना भेटा आणि निविदत्त मतपत्र मागा.

दुसरं, संध्याकाळी मतदान संपायची वेळ झाली की रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाला मत देता येतं. आम्ही क्रमांकाच्या चिठ्ठ्या वाटतो, त्या रांगेच्या शेवटच्या माणसापासून सुरू करतो. मागून पुढे आलो की नवा कुणी शेपटाला लागू शकत नाही. पाच मिनिटं उरली म्हणून घरून निघायचं टाळू नका.

तिसरं, मतदाता पर्ची हे ओळखपत्र नाही. २०१९ पासून नुसती पर्ची चालत नाही. आणि मतदार ओळखपत्र हरवलं म्हणून घरी बसू नका. आधार, पॅन, ड्रायव्हिंग लायसन्स, पासपोर्ट, फोटो असलेलं बँकेचं पासबुक, पेन्शनचा फोटो असलेला कागद, यांतलं एक पुरे. मात्र यादीत नाव हवं. नारायणबाग ताई म्हणतात तेच खरं. यादीत नाव नसलं की माझ्या हातात काहीच नसायचं. हात जोडून परत पाठवलेली माणसं मला अजून आठवतात.

एजंटांनाही विनंती आहे. दिवसअखेर फॉर्म १७ सी ची प्रत मागून घ्या, कारण त्यावर एकूण किती मतं पडली ते असतं आणि मोजणीच्या दिवशी त्याच आकड्याशी मशीन ताडतात. नियमानं प्रत मिळते, पण कितीतरी एजंट ती न घेताच गेलेले मी पाहिले आहेत. मशीनवर शंका असेल तर पहिला कागद तुमच्या हातात हा असायला हवा.

---

स्पर्श | २९ डिसेंबर, संध्याकाळी ७:५०

खडू_फळा सर, तुमच्यासारखे पीठासीन मला एकदाच मिळाले.

मला दिसत नाही. बॅलट युनिटवर बटणांशेजारी ब्रेलमध्ये क्रमांक असतात. पीठासीनांकडे ब्रेलमधली नमुना मतपत्रिका असते, त्यावर क्रमांक आणि उमेदवारांची नावं बोटांनी वाचता येतात. ती वाचून मी आत एकटी जाऊ शकते. पण बहुतेक वेळा ती कुठल्या तरी पाकिटाच्या तळाशी असते आणि मला सांगतात, 'साथ में कोई नहीं है क्या? किसी को ले आइए.' सोबती घेणं ही माझ्यासाठी सोय आहे, सक्ती नाही. घेतलाच तर तो १८ वर्षांवरचा असावा, एका दिवसात एकाच मतदाराचा सोबती व्हावा आणि गुप्तता पाळण्याचं लिहून द्यावं, असा नियम आहे.

मी एकटी गेले त्या दिवशी ब्रेलचे ठिपके मोजत बोट खाली नेलं, बटण दाबलं, बीप ऐकली. ती बीप माझ्या एकटीची होती. मी कुणाला मत दिलं हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. डोळस माणसाला हे रोजचं वाटेल, मला तेव्हा ३४ वर्षं पूर्ण झाली होती आणि ते पहिल्यांदा घडलं.

एक उणीव अजून आहे. व्हीव्हीपॅटची चिठ्ठी सात सेकंद दिसते, म्हणजे दिसणाऱ्यांना दिसते. मला माझं मत बरोबर पडलं का ते कळायला मार्ग नाही. कानाला लावायचं यंत्र जोडून ते ऐकवता आलं पाहिजे.

---

रामबाग_ते_पुणे | ३० डिसेंबर, रात्री १२:१०

मी पुण्यात वसतिगृहात आहे. नाव इंदूरला ठेवावं की पुण्याला न्यावं? घरचे म्हणतात इंदूरलाच ठेव. पण मतदानाच्या दिवशी परीक्षा असली तर येणार कशी? आयोगानं २०२३ च्या जानेवारीत दूरस्थ मतदानाचं मशीन पक्षांना दाखवलं होतं, एका बूथवरून ७२ मतदारसंघांचं मतदान होईल असं. ते पुढे का गेलं नाही?

---

खडू_फळा | ३० डिसेंबर, सकाळी ६:४५

बाळ, बऱ्याच पक्षांनी विरोध केला. परराज्यातल्या बूथवर आपला एजंट कुठून आणायचा, ही त्यांची अडचण खरी आहे. तोवर तुझ्यापुढे दोनच रस्ते. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला संस्थेचं बोनाफाइड देऊन तिथे नाव नोंदवता येतं, किंवा घरच्या पत्त्यावर ठेवता येतं. दोन्हीकडे ठेवता येत नाही, तो गुन्हा आहे. चार वर्षं पुण्यात काढणार असशील तर तिथल्या पाण्याचा, बसचा, रस्त्याचा प्रश्न तुझाच आहे. मी तिथेच नोंदवलं असतं. परत आलीस की फॉर्म ८ भरून नाव हलव.

---

बिचोली_टॉवर | ३० डिसेंबर, सकाळी ९:१५

घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी जोडतो. ८५ वर्षांवरच्यांना आणि ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्यांना घरून मत देता येतं. बीएलओ फॉर्म १२ डी आणून देतात, तो निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत परत द्यायचा. मग पथक घरी येतं. माझ्या आजीनं २०२४ मध्ये असं मत दिलं. नवी साडी नेसून खुर्चीत बसली होती, बोटाला शाई लागेपर्यंत चहा घेतला नाही. एक मात्र लक्षात ठेवा, हा फॉर्म मंजूर झाला की मग बूथवर जाऊन मत देता येत नाही.

---

नारायणबाग | ११ जानेवारी, रात्री ९:००

काल माझी सुनावणी झाली, म्हणून लिहिते.

मी नेलेले कागद: शाळा सोडल्याचा दाखला (संगीता, वडिलांचं नाव, जन्मतारीख), विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र (त्यात दोन्ही नावं आहेत, देवाची कृपा), आधार (मृण्मयी), आणि वडिलांचं नाव असलेलं धुळ्याच्या जुन्या यादीचं पान. भावानं ते पान रात्री जागून शोधलं. अधिकारी हिंदीभाषक, वयानं तरुण. त्यांनी विचारलं, 'मैडम, सरनेम बदलता है, समझ में आया. पहला नाम क्यों बदला?' मी तांदळाचं ताट आणि अंगठी समजावून सांगितली. ते दोन मिनिटं ऐकत राहिले. शेजारी बसलेल्या बाबूंनी मान डोलावली, ते आपल्यातलेच निघाले, म्हणाले, 'सर, हमारे घर में भी है.' अधिकाऱ्यांनी दोन्ही नावं शेऱ्यात लिहून घेतली, कागदांच्या प्रती जोडल्या आणि मला पोच दिली. नाव राहील असं सांगितलं.

माझ्या मागे रांगेत आणखी चार जणी अशाच होत्या. एकीकडे विवाह नोंदणीच नव्हती. तिच्यासाठी विचारलं तर 'दोन्ही नावांचं प्रतिज्ञापत्र करून दुसऱ्या तारखेला या' असं सांगितलं. विरोधात निर्णय झालाच तर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं, आणि त्यांच्या निर्णयानंतर ३० दिवसांत मुख्य निर्वाचन पदाधिकाऱ्यांकडे. तारीख चुकवू नका.

गेले दोन रविवार आम्ही मंदिराच्या सभामंडपात टेबल टाकलं. राऊचा_रस्ता यांनी २००३ च्या याद्या भागवार छापून आणल्या. काकांचा फॉर्म ६ स्वीकारला गेला, बीएलओ ताई घरी येऊन भेटून गेल्या. सासूबाईंच्या 'ळ'साठी फॉर्म ८ भरला. ताईंच्या मोबाइलवर 'ळ' कुठे आहे ते सापडत नव्हतं, तेव्हा 'ल' दाबून धरून पाहिला तर वर आला. त्यांनी तो मग आणखी तीन घरांत वापरला.

शिंदे_छावणी यांनी लिहिलेलं पत्र, 'पूर्वीचं नाव' हा रकाना घालावा म्हणून, तयार आहे. ग्वाल्हेर आणि इंदूरच्या मंडळांच्या सह्या झाल्या की जाईल.

पुढचा रविवार, १८ तारीख, मुदतीआधीचा शेवटचा. सकाळी ९ ते १. येताना नोटीस, शाळेचा दाखला आणि आधार आणा. लग्न होऊन आलेल्यांनी विवाह प्रमाणपत्रही आणा, नसेल तर तसंच या. आम्हाला एक प्रिंटर हवा आहे आणि माळवी, निमाडी चांगलं बोलणारं कुणीतरी, कारण आता शेजारच्या वस्तीतलेही येत आहेत.

---

स्पर्श | ११ जानेवारी, रात्री ९:३५

प्रिंटर माझ्याकडे आहे, भाऊ आणून देईल. निमाडी मला येते, आमचं आजोळ खरगोनचं. लोकांची नावं मी ऐकून सांगत जाईन, लिहायला कुणीतरी शेजारी बसा. मी पावणेनऊला पोचते.